वकील बोललाच नाही

"शिक्षेबद्दल काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

जेट्टीवरच्या मारामारीत दोघे भाऊ सारखेच दोषी ठरले होते. थोरल्याचा वकील त्याच्या सासऱ्याने लावून दिला होता. तो उठला आणि पोटतिडकीने बोलला: पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारी आई आहे, मुलं लहान आहेत. धाकट्या रोहिदासचा वकील नुसता म्हणाला, "काही नाही, साहेब." थोरल्याला दोन वर्षांची शिक्षा झाली, रोहिदासला सात.

थोरला सुटून आला त्या दिवशी रोहिदासच्या बायकोने, मंजुळाने, दार लावून घेतलं. थोरल्याची बायको, तिची जाऊ, पुन्हा अबोली माळून बाजारात बसू लागली. ती हसली की मंजुळाच्या अंगाची लाही व्हायची. एकदा मासळीची पाटी आपटून मंजुळा ओरडली, "तुझाच नवरा काय देवाचा लाडका?"

जावेने पाटी उचलून सरळ ठेवली. मग म्हणाली, "देवाचं नाही गं, वकिलाचं काम ते. ऊठ, आमच्या वकिलाकडे जाऊ."

त्या वकिलाने अपील केलं. हायकोर्टाने रोहिदासची शिक्षाही दोन वर्षांवर आणली; पण अपिलाचा नंबर लागेपर्यंत त्याने तुरुंगात चार वर्षं काढली होती.

तो घरी आला. तान्ही सोडून गेलेली लेक त्याला बघून बिचकली आणि धावत जाऊन काकाला बिलगली. "घाबरतेस काय? बाबा आहे तुझा," काका म्हणाला. तिने मान वर केली नाही.

रोहिदासने भावाकडे पाहिलं. मंजुळाने ती नजर ओळखली. दोन वर्षं ती जावेकडे तशीच बघत आली होती.