अंथरुणाला खिळलेली

इंदुमतीच्या दोन्ही तळहातांवर घट्टे होते. चाकाची खुर्ची रोज स्वतः ढकलणाऱ्यांना पडतात तसे.

न्यूमोनियाने तिचा श्वास थकत चालला होता. वॉर्डात शेवटचा व्हेंटिलेटर उरला होता.

"मॅडम, तो एरवी धडधाकट असलेल्या एखाद्या पेशंटसाठी राखून ठेवू," शिकाऊ डॉक्टर म्हणाला. "ही अंथरुणाला खिळलेली आहे. चालतासुद्धा येत नाही."

मोठ्या डॉक्टरीणबाईंचा सकाळपासून निर्णय होत नव्हता.

"खिळलेली कोण?" इंदुमती मास्कमधून धापा टाकत म्हणाली. "मला पोलिओ आहे हो, लहानपणापासून. ताप येईपर्यंत मंडईतून भाजी मीच आणत होते, मांडीवर भोपळा घेऊन!"

शिकाऊ डॉक्टर ओशाळला. व्हेंटिलेटर कोणाला द्यायचा हे ठरवताना न्यूमोनियाआधी शरीर किती खंगलेलं होतं ते मोजायचं होतं; त्याने पोलिओ मोजला होता.

बाईंना एकदम मोकळं वाटलं.

"सिस्टर, व्हेंटिलेटर हिलाच लावा."