टिकाऊ डाय

पशुखाद्याच्या कारखान्यातला फोरमन सलूनमध्ये केस काळे करून घेत होता, तेवढ्यात मालकांचा फोन आला. पेंडीच्या कांड्या पाडणाऱ्या यंत्राची पोलादी डाय झिजली होती; नवी कोणत्या पोलादाची घ्यायची, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

"मालक, साधी डाय घेऊच नका!" यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवय असलेला फोरमन ओरडला. "वाफ लागली की गेलीच म्हणून समजा. क्रोमवाली घ्या. पाणी लागू दे, कितीही घासली जाऊ दे, दोन वर्षं बघायला नको!"

बाकावरची चार पांढरी डोकी एकदम वर झाली.

न्हाव्याचा ब्रश हवेतच थांबला. तो फोरमनच्या कानाशी वाकून कुजबुजला,

"साहेब, जरा हळू बोला... गरिबाच्या पोटावर का पाय देता?"