सिग्नलपाशी थांबलेली बाई

ठिपका लाल होता. तोही बरोब्बर कपाळावर.

प्रीता चित्रावर आणखी वाकली. परवाच पेटीतून निघालेलं हे चित्र तिनं अजून नीट पाहिलंही नव्हतं. न्यूयॉर्कचे रस्ते रंगवण्यात हयात घालवलेल्या ड्रेल नावाच्या चित्रकाराचं, १९६२ सालचं. सिग्नलपाशी थांबलेली गर्दी. हॅट, छत्र्या, एक पेपरवाला. मधोमध करड्या कोटातली एक बाई, चेहरा नखाएवढा. आणि त्या चेहऱ्यावर कुंकू.

हे आईचंच काम. दुसरं कोण करणार?

काल खंडेनवमी होती. त्या दिवशी अवजारांची पूजा करायची, ही तिच्या आईची, नंदाची, उभं आयुष्य न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवेत काढूनही न सुटलेली रीत. गाडी, लॅपटॉप, शिलाई मशीन, यंदा तर डिशवॉशरसुद्धा. हाताला लागेल त्याला हळद-कुंकू. डबा द्यायचं निमित्त करून काल ती म्युझियमच्या या वर्कशॉपमध्ये आली. लेक जुनी चित्रं दुरुस्त करते, तर तिच्या ब्रशांना नुसतं बोट टेकवू दे म्हणाली.

"आई, प्लीज, इथे नको. माझा जॉब जाईल," प्रीता दबक्या आवाजात खेकसली होती. तेवढ्यात फोन आला आणि ती जरा बाहेर गेली.

आता घ्या! ब्रश राहिले बाजूला, बाईंनी थेट चित्राचीच पूजा करून ठेवली.

बॉस, म्हणजे कॅरल, यायच्या बेतात होती. आल्याबरोबर ती चित्राचे फोटो काढणार. फोटोआधी चित्राला हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम. प्रीताची नोकरी अजून कच्ची. बाहेरच्या माणसाला चित्रापाशी एकटं सोडलं हे कळलं, की आज घरचा रस्ता. वर म्युझियमभर किस्सा होणार तो वेगळाच: इंडियन आई आणि तिची लाल पावडर. शाळेत डबा उघडला की मुलं नाक दाबायची, ते प्रीताला आठवलं आणि कानशिलं तापली. लाज आणि भीती सख्ख्या बहिणी, एकीला घरात घेतलं की दुसरी मागोमाग येतेच.

लिफ्ट वाजली. कॉरिडॉरमधून पावलं जवळ येऊ लागली.

प्रीतानं काडीला कापूस गुंडाळला आणि जिभेवर ओला केला. थुंकीनं चित्र पुसतात हे ऐकून आई एकदा "शी, उष्टं!" म्हणाली होती. पण या कामात त्याहून सौम्य औषध नाही. श्वास रोखून तिनं कापूस त्या कपाळावरून फिरवला. लाल रंग अलगद सुटून आला. पुन्हा एकदा फिरवला. कपाळ स्वच्छ झालं.

पावलं दारावरून पुढे निघून गेली. कोणी दुसरंच होतं. प्रीता स्टुलावर मटकन बसली. भीती ओसरली तसा राग चढला. तिनं आईला फोन लावला आणि मनात साचलेलं सगळं ऐकवलं.

नंदानं तिला बोलू दिलं. मग म्हणाली, "अगं, मी करंडा उघडलाच नाही. तू नको म्हणालीस ना. लांबूनच नमस्कार केला आणि निघाले."

प्रीतानं हातातल्या कापसाकडे पाहिलं. कुंकवाची भुकटी अशी नसते. हा तेलरंग होता. त्या काळातले काही लाल रंग नुसत्या ओल्या कापसानंही सुटतात, हे तिनं परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

दार उघडून कॅरल कॅमेरा घेऊन आत आली. कानाशी आईचं चालूच होतं.

"पण त्या चित्रातली बाई पाहिलीस का गं? कोटाखाली साडीचे काठ दिसतात बघ तिच्या. एवढ्या गर्दीत एकटी, आणि कुंकू कसं ठसठशीत लावून उभी आहे. ती नाही घाबरली. तूच कशाला इतकी घाबरतेस?"