आसरांचं रिंगण

ओमानमधल्या सीब गावी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, बंगल्यात जयप्रकाश माळीकाम करायचा. दिवाळीच्या सुट्टीत लेक वल्लरी पहिल्यांदाच त्याच्याकडे तिथे आली, तशी तो तिला मोठ्या हौसेने आपण राखलेली हिरवळ दाखवायला घेऊन गेला. हिरवळीवर अळंब्यांचं गोल रिंगण उगवलं होतं. वल्लरी त्यात पाय टाकणार, तोच तो ओरडला, “आत नको जाऊ गो! आसरा नाचतात तिथे, पाण्यातल्या पऱ्या. आत गेलेल्याला वाटतं, घटकाभरच थांबलोय. बाहेर येऊन बघतो, तर कितीतरी वर्षं सरलेली!”

वल्लरीने पाय मागे घेतला. त्याने अंदाजाने आणलेला नवा फ्रॉक सकाळी तिच्या खांद्यांखाली उतरलाच नव्हता.

“बाबा,” तिने हळूच विचारलं, “तुम्ही कधी गेलात आत?”