एक्केचाळीस नंबरची किल्ली

"ती गोष्ट उद्या सांगू नकोस," काकू म्हणाल्या आणि हातातल्या शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली.

बाबांचं कपाट अर्धं रिकामं झालं होतं. कारखान्याच्या प्रशिक्षण हॉलला आता त्यांचं नाव लागणार होतं. तिथे काचेमागे ठेवायला त्यांचं हेल्मेट, शिट्टी आणि बूट मागितले होते. उद्या सकाळी नव्या कामगारांची तुकडी त्या हॉलमध्ये बसणार होती आणि बाबांच्या माघारी, त्यांच्या जागी शिकवायला त्यांची लेक उभी राहणार होती.

"कुठली गोष्ट?" तिने विचारलं. कळलं होतं, तरीही.

"आमच्या ह्यांची. माझी पोर आहे त्या तुकडीत. तिच्यासमोर नको."

तिने हेल्मेट पुसायला घेतलं.

ती गोष्ट कारखान्यात सगळ्यांना पाठ होती. कागदाच्या लगद्याच्या टाकीत उतरून पाती साफ करायची, तर आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं कुलूप घालायचं. लाल कुलूप, त्यावर आपला नंबर. किल्ली एकच, तीही आपल्या खिशात. बाहेर आलो की आपणच काढायचं. सोळा वर्षांपूर्वी काकूंचे यजमान, काका, टाकीत उतरले असतानाच पाती फिरली. त्यांच्या खिशात किल्ली सापडली, एक्केचाळीस नंबरची. कुलूप कुठेच सापडलं नाही. घरी विसरले असणार, असं चौकशीत ठरलं.

गोष्ट सांगताना बाबा स्वतःलाही सोडत नसत. "लाइन तासभर बंद उभी होती. वरून फोनवर फोन. पाळी माझी होती, बटण मी दाबलं." इथे ते थांबायचे. "स्विचवर कुलूप दिसलं असतं, तर माझा हात थांबला असता. एका माणसाचा निष्काळजीपणा दोन घरांना पुरतो." मग त्यांचा आवाज बसायचा. समोर बसलेल्या दांडग्या गड्यांच्या माना खाली जायच्या.

त्यानंतर बाबांनी कारखान्याची रीतच बदलली. कुलपं कापायची मोठी कात्री पूर्वी कुणीही उचलायचं. ती त्यांनी काचेच्या पेटीत बंद केली. एखाद्याचं कुलूप स्विचवर राहून गेलं, तर तो माणूस स्वतः समोर येऊन उभा राहिल्याशिवाय ते कापायचं नाही, हा नियम त्यांचाच. मॅनेजर आदळआपट करायचे. बाबा जागचे हलत नसत. माणसं त्यांना कुलूपसाहेब म्हणू लागली.

"घरीसुद्धा तेच," ती म्हणाली. विषय निघालाच होता, तर थोडा हलका करावा म्हणून. "बल्ब बदलायचा तर फ्यूज काढून खिशात. एकदा तो तसाच खिशात घालून ड्यूटीवर गेले. दिवसभर पंखा नाही, आणि आई त्यांच्या नावाने शंख करतेय."

काकू हसल्या. "माझ्याकडचे बल्ब पण तेच बदलायचे. कॅन्टीनची नोकरी त्यांनीच लावली. पोरीच्या अर्जावर सहीसुद्धा त्यांचीच. सख्खा दीर करणार नाही एवढं केलं साहेबांनी."

दोघी पुन्हा कपड्यांच्या घड्या घालू लागल्या.

"घर पालथं घातलं गं मी," काकू म्हणाल्या. "माळा, ट्रंका, गाद्यांच्या शिवणी उसवून पाहिल्या. घर बदललं तेव्हा मोकळ्या खोलीत पुन्हा एकदा फिरून आले. साहेब म्हणायचे, वहिनी, आता शोधू नका. पण राग जात नाही ना. सोळा वर्षं मी त्या माणसावर रागावलेय. डबा विसरला नाही, चष्मा विसरला नाही. कुलूप तेवढं विसरला."

तिने हेल्मेट खाली ठेवलं.

"काकू, सोळा वर्षांत आपल्या कारखान्यात एकही माणूस गेलेला नाही. ती गोष्ट ऐकून माणसं सावध होतात, असं बाबा म्हणायचे. मी ती कशी गाळू?"

"बरं. मग निष्काळजी तरी म्हणू नकोस. विसरले म्हण."

"बाबांचे शब्द आहेत ते. मी बदलणार नाही."

काकूंनी मान हलवली. बटव्यातून त्यांनी एक छोटी किल्ली काढली आणि पलंगावर ठेवली.

"मग हीपण ने. ठेव बुटांशेजारी. दाखवायचंच आहे तर सगळं दाखव."

त्या चपला घालून निघाल्या. चहाला थांबल्या नाहीत.

आता बूटच तेवढे राहिले होते. तिने पलंगाखालून पॉलिशची लाकडी पेटी ओढली. बाबा दर रविवारी स्वतः बूट चमकवायचे. या पेटीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. ब्रश, डबी, चिंध्या. तळाशी गाठ मारलेला एक जुना मोजा, त्यात काहीतरी जड.

गाठ सुटली. मोज्याच्या तोंडाशी लाल धातू दिसला, किल्लीचं भोक आणि त्याखाली कोरलेला नंबर. एक्केचाळीस.

म्हणजे बाबांना ते सापडलं होतं. काकूंकडे बल्ब बदलताना, एखाद्या फळीवर. काकूंच्या नजरेला पडू नये म्हणून गुपचूप उचलून आणलं असणार. आता शोधू नका म्हणायचे, ते यासाठी. एवढी वर्षं कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. तिचे डोळे भरून आले.

तिने पलंगावरची किल्ली घेतली आणि भोकात घालून फिरवली. ती सहज फिरली.

संध्याकाळी आपणच काकूंकडे जायचं, तिने ठरवलं. कुलूप घरातच होतं, म्हणून सांगायचं. निदान त्यांचं शोधणं तरी संपेल.

तिने मोजा पूर्ण ओढून काढला. कुलपाची पोलादी कडी मधोमध कापलेली होती.