पाहुण्याची तयारी

गुरुवार.

झोप लागते.

थोरल्या बहिणीला दोन मुली.

हा तुरुंग.

आई वारली.

नाही, कानात कोणी बोलत नाही.

"परत," न्हावी म्हणाला. "पहिल्यापासून. आणि हनुवटी वर."

नळापाशी उलट्या बादलीवर पाहुणा बसला होता, तोंडभर साबण. बराकीत त्याला पाहुणा म्हणत, कारण रोज दिवे लागले की तो चादरीची घडी काखेत मारून दाराशी जाई आणि सगळ्यांना सांगे, "बराय, येतो मी." दार बंदच असायचं. मग कोणीतरी म्हणे, "जेवून जा की." आणि तो आढेवेढे घेत खाली बसे.

न्हाव्याला जन्मठेप होती आणि हात हलका.

"वार कोणता?"

पाहुण्याने मान कलती करून भिंतीकडे कान दिला.

"भिंतीला नका विचारू, मला सांगा. डोक्याचे डॉक्टर आलेत. म्हणजे वार कोणता?"

"गुरुवार."

"शाब्बास."

डोक्याचे डॉक्टर गुरुवारी येतात, हे बराकीत लहानथोरांना पाठ होतं. आत वार ओळखायचे ते असेच. मागे एकाने त्यांना "वार माहीत नाही" असं सांगितलं होतं. त्याला देखरेखीसाठी म्हणून एकट्याच्या कोठडीत ठेवलं. त्याचा पत्र्याचा मग अजून खिडकीत आहे. त्यातून कोणी पाणी पीत नाही.

"झालं का रे?" शिपाई दारातून ओरडला. "तपासायला न्यायचाय, बोहल्यावर नाही!"

"नवरदेवच करतोय," न्हावी म्हणाला. त्याने पाहुण्याला कोणाचा तरी धुतलेला सदरा घातला, केस पाणी लावून बसवले, आणि कानामागचा साबण स्वतःच्या बाहीने पुसला.

डॉक्टरांच्या खोलीपासून जरा लांब, बाकावर पाहुण्याची बहीण बसली होती. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून तिने एवढंच पदरात पाडून घेतलं होतं: डॉक्टर त्याला तपासतील, आणि आजारी आहे म्हणाले तर इस्पितळात खाट मिळेल. तिला आत जायची परवानगी नव्हती. मागच्या भेटीत त्याची दाढी छातीवर आली होती आणि तो तिच्याशी न बोलता जाळीवरच्या माशीची समजूत घालत होता. ते बघून तिला रडू आलं नव्हतं. डॉक्टर हेच बघतील, म्हणून उलट धीर आला होता.

तिच्यासमोरून शिपायाबरोबर एक नीटनेटका माणूस गेला. तो आपला भाऊ, हे तिला दार लोटल्यावर कळलं.

न्हावी दाराच्या फटीला लागून उभा. आतल्या प्रत्येक प्रश्नाला त्याचे ओठ आधी हलत होते.

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

"छान," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "कानात कोणी बोलतं का?"

पाहुणा थांबला. भिंतीकडे बघितलं. न्हावी खोकला.

"नाही, कानात कोणी बोलत नाही."

बहिणीला बाकावरून नुसती पुटपुट ऐकू आली, आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

डॉक्टर बॅग बंद करतच बाहेर आले. "तुमचे बंधू ना? अहो, उत्तम आहेत की! स्वच्छ राहतात, विचारलेल्याचं नीट उत्तर देतात. माझ्या घरातसुद्धा एवढं कोणी ऐकत नाही."

"साहेब, तो असा नसतो. मागच्या वेळी—"

"मागच्या वेळी नसेल, आता आहे. आनंद माना, ताई. खाटा मोजक्या. खऱ्या आजाऱ्याला मिळायला नको का?"

ते जिन्यावरून खाली गेले. त्यांना घाई होती.

न्हावी पुढे आला. नखांच्या कडेला अजून साबण होता. "पास झाला, ताई! एक उत्तर चुकला नाही."

"कशात पास?"

"म्हणजे काय? कोठडी टळली! सकाळपासून घोकून घेतलंय. तुम्हाला दोन मुली, हेसुद्धा. ते कानाचं तर दहादा. तिथंच अडकायचा बघा."

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "आज तो आजारी दिसायला हवा होता. इस्पितळात नेणार होते त्याला."

न्हाव्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. जायला कुठे जागा नसल्यासारखं तिथंच राहिलं.

"आम्हाला हे कोणी सांगितलं नाही, ताई."

"मला कोणी आत सोडलं नाही."

शिपायाने पाहुण्याला दाराबाहेर आणलं. बहिणीने त्याच्या गालाला हात लावला. गाल लहानपणीसारखा गुळगुळीत होता. त्याने तिला ओळखलं की नाही, कळलं नाही. त्याने सदरा खाली ओढून नीट केला आणि सगळ्यांकडे एकेकदा बघितलं.

"बराय," तो म्हणाला, "येतो मी."

आणि उभा राहिला, कोणीतरी 'जेवून जा की' म्हणेल म्हणून. कोणी म्हणालं नाही.

डॉक्टरांच्या पुतण्याचं लग्न गुरुवारी होतं, म्हणून त्या आठवड्यात ते आधीच येऊन गेले. तो मंगळवार होता.