निवलेल्या माणसाचं दार

दाराला कडी नव्हती, आतूनही नाही आणि बाहेरूनही नाही. हेमांगीनंच ती लावू दिली नव्हती. गरम झऱ्यावरच्या या स्नानगृहाचा आराखडा तिचा होता: काळा दगड, छताच्या फटीतून उतरणारा उजेड आणि पाण्यातल्या माणसाची नाडी वाचणाऱ्या भिंती. नाडी धावत असेल तोवर भिंत लाल दिसे; ती निवली की लाल रंग विझे आणि दार आपोआप सरके. "घाईतल्या माणसाला बाहेर सोडायचं, तर हे सगळं बांधायचं कशाला?" असं म्हणून तिनं मालकाला गप्प केलं होतं.

आता ती ओलेत्यानं त्याच दारावर थापा मारत होती.

"ताई, लवकर या!" बाहेरून शेवंताबाई ओरडली. स्नानगृहाची देखरेख तीच करायची. "तुमचे बाबा बाकावर बसल्या बसल्या छाती धरून कोसळले. तुम्हालाच हाका मारतायत."

"दार फोडा ना!"

"पहार घातली, तरी हलत नाही. तुम्हीच जरा शांत व्हा, ताई!"

हेमांगी परत पाण्यात उतरली. डोळे मिटून तिनं श्वास लांबवून पाहिला, पण काळीज ऐकेना. भिंत लाल ती लालच राहिली. बाबा लेकीचं काम बघायला म्हणून हौसेनं आले होते.

बाहेर दारावर पहारीचे घाव पडत होते, ते थांबले.

मग शेवंताबाई हळूच म्हणाली, "ताई, आता घाई करू नका."

हेमांगीचे हात गळून पाण्यात पडले. ती नुसती बसून राहिली.

भिंतीला तेवढं पुरलं. लाल रंग विझला आणि दार आवाज न करता सरकलं, अगदी तिनं आखलं होतं तसं.